भेगांच्या जाळीखालचा बर्फ: पृथ्वीवरील गोठलेली जमीन आणि परग्रह

सायबेरियातील याकुत्स्क या गावी १८२८ साली फ्योदोर शेर्गिन नावाच्या एका व्यापारी अधिकाऱ्याने पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. काम १८३७ पर्यंत चालले, विहीर ११६ मीटर खोल गेली, तरीही पाणी लागले नाही. तळाशीही जमीन गोठलेलीच होती. पुढे १८४० च्या दशकात मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने या कोरड्या विहिरीच्या भिंतींत वेगवेगळ्या खोलीवर तापमापक बसवून नोंदी घेतल्या, तेव्हा असे दिसले की खाली जावे तसे तापमान हळूहळू वाढत जाते, पण तळापर्यंत ते शून्य अंशाच्या खालीच राहते. पाण्यासाठी फसलेला हा उद्योग गोठलेल्या जमिनीच्या अभ्यासाच्या मात्र चांगलाच कामी आला. मंगळावरचा, बुधावरचा किंवा सेरेससारख्या लघुग्रहावरचा बर्फ समजून घेताना शास्त्रज्ञ आजही आधी अशाच जमिनीकडे वळतात.

अशा जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. जी जमीन सलग किमान दोन वर्षे शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानाला राहते, ती पर्माफ्रॉस्ट, अशी तिची व्याख्या आहे. ही व्याख्या नीट वाचली पाहिजे, कारण तिच्यात बर्फाचा उल्लेखच नाही. जमिनीत पाण्याचा अंशही नसला, ती कोरडा खडक असली आणि पुरेशी थंड असली, तरी ती पर्माफ्रॉस्टच ठरते. या अर्थाने मंगळाचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग पर्माफ्रॉस्ट आहे. तिथे विषुववृत्ताजवळ दुपारी जमिनीचा वरचा पापुद्रा शून्याच्या वर जातो खरा, पण थोडेसे खाली गेले की वर्षभर कडाक्याची थंडी असते. त्यामुळे मंगळाबाबत ‘जमीन गोठलेली आहे का’ असे विचारण्यात अर्थ नाही; त्या गोठलेल्या जमिनीत पाणी आहे का, असल्यास किती खोल, किती शुद्ध आणि किती जुने, हे विचारायला हवे.

पृथ्वीवर जमिनीतला बर्फ एकाच तऱ्हेने साठत नाही. सर्वांत साधा प्रकार म्हणजे मातीच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी गोठणे. अशी जमीन काँक्रीटसारखी टणक होते, पण तिच्यात बर्फ किती मावेल याला पोकळ्यांची मर्यादा असते. दुसऱ्या प्रकारात मातीच्या आत शुद्ध बर्फाचे पातळ, आडवे थर वाढतात आणि वरची जमीन उचलली जाते. थंड प्रदेशातले रस्ते हिवाळ्यात फुगतात ते यामुळेच. गोठताना पाणी प्रसरण पावते म्हणून जमीन उचलली जाते, असे पूर्वी सर्रास मानले जाई. स्टीफन टेबर या अमेरिकन भूवैज्ञानिकाने १९३० च्या सुमारास एक साधा आणि माझ्या मते अतिशय सुंदर प्रयोग करून हा समज मोडला: त्याने मातीत पाण्याऐवजी बेंझिन घातले. बेंझिन गोठताना आकुंचन पावते, तरीही जमीन उचलली गेलीच. म्हणजे उचलण्याचे कारण प्रसरण नव्हे. मातीच्या कणांभोवती द्रवाचा अतिशय पातळ पापुद्रा गोठणबिंदूच्या खालीही न गोठता शिल्लक राहतो, त्यातून आजूबाजूचा द्रव थंड भागाकडे ओढला जातो आणि तिथे येऊन गोठतो. शून्याखाली पाणी पूर्ण थिजत नाही, ही गोष्ट मंगळाबद्दल बोलताना पुन्हा लागणार आहे.

तिसरा प्रकार डोळ्यांना सर्वांत ठळक दिसतो. उत्तर अलास्का, कॅनडा किंवा सायबेरियाच्या सपाट प्रदेशावरून विमानातून पाहिले, तर खाली जमिनीवर भेगांची प्रचंड जाळी पसरलेली दिसते. तिचा एकेक बहुभुजाकृती तुकडा साधारण दहा ते तीस मीटर रुंद असतो. ही जाळी कशी पडते हे एका छोट्या हिशेबाने समजते. बर्फाचे तापमान एका अंशाने उतरले की त्याची लांबी दर मीटरमागे सुमारे ०.०५ मिलिमीटरने कमी होते. वीस मीटर लांबीची बर्फाळ जमीन हिवाळ्यात वीस अंशांनी आणखी थंड झाली, तर तिला सुमारे दोन सेंटिमीटरने आखडावे लागेल. पण जमीन चहूबाजूंनी बांधलेली असते, तिला आखडायला मोकळीक नसते. म्हणून ताण वाढत जातो आणि शेवटी ती तडकते. एक भेग पडली की तिच्या आसपासचा ताण सुटतो आणि पुढची भेग काही अंतरावरच पडू शकते. हे अंतर भेग किती खोल गेली यावर अवलंबून असते. काही मीटर खोलीच्या भेगा आणि काही दहा मीटरांचे तुकडे, हे प्रमाण असे जुळते.

वसंतात वितळलेले पाणी त्या भेगेत झिरपते आणि खालच्या थंडीने गोठते. पुढच्या हिवाळ्यात जमीन त्याच कमकुवत जागी पुन्हा तडकते, पुन्हा पाणी शिरते. दरवर्षी मिलिमीटर-दोन मिलिमीटरची भर पडत शतकानुशतके हे चालले की जमिनीत बर्फाची भलीमोठी पाचर तयार होते. लेफिंगवेल या संशोधकाने विसाव्या शतकाच्या आरंभी अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर वर्षानुवर्षे राहून या पाचरींचा अभ्यास केला, आणि १९६२ साली लाखेनब्रुख याने त्यामागचे यंत्रशास्त्र गणिताने मांडले.

आता मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांच्या छायाचित्रांत, मध्यम आणि उच्च अक्षांशांवर, अगदी अशीच जाळी मैलोन्मैल पसरलेली दिसते. ती पाहून ‘खाली बर्फाच्या पाचरी आहेत’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा, कारण पाचर वाढायला दर उन्हाळ्यात द्रव पाणी लागते आणि मंगळावर त्याचीच वानवा आहे. तिथल्या हवेचा सरासरी दाब सुमारे सहा मिलिबार, म्हणजे पृथ्वीवरील दाबाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी आहे. पाणी, बर्फ आणि बाष्प ही तिन्ही रूपे एकत्र नांदू शकतात असा दाब ६.११ मिलिबार असतो आणि मंगळ नेमका त्याच सीमेवर घोटाळतो. एवढ्या विरळ आणि कोरड्या हवेत बर्फ तापला तर वितळण्याची वेळ येण्याआधीच त्याची थेट वाफ होते. या क्रियेला संप्लवन म्हणतात.

मग अशा ग्रहावर बर्फ टिकतो तरी कसा? याचे उत्तर मंगळावर उतरून यशस्वीपणे काम करणाऱ्या पहिल्या यानाच्या दहा वर्षे आधीच मिळाले होते. लेटन आणि मरी या दोघांनी १९६६ साली मंगळाच्या तापमानाचे गणित केले आणि ध्रुवांकडच्या प्रदेशात, उघड्यावर नव्हे तर मातीखाली, बर्फ स्थिर राहू शकेल असे दाखवले. मातीचा थर तिथे दोन कामे करतो. एक तर तो दिवसाची ऊब खाली पोहोचू देत नाही. दुसरे म्हणजे बाष्पाला बाहेर पडायला कणांमधील अरुंद वाटांतून वळणे घेत जावे लागते. मंगळाच्या हवेतील तुटपुंजे बाष्प उणे ७५ अंशांच्या आसपास गोठू लागते. ज्या खोलीवर वर्षभराचा जमाखर्च मांडता बर्फातून निघणारे बाष्प हवेतील बाष्पापेक्षा जास्त भरत नाही, तिथे बर्फ टिकतो. त्याच्या वरचा थर कोरडा पडतो. भांड्यावर झाकण असावे तसे हे मातीचे झाकण, आणि थंडी जितकी जास्त तितके ते पातळ असले तरी पुरते.

हे गणित कागदावर पटण्याजोगे आहे; पण पृथ्वीवर असे काही प्रत्यक्ष घडते का? सायबेरियात नाही. तिथे दर उन्हाळ्यात वरचा थर वितळतो, चिखल होतो, गवत उगवते. त्यासाठी अंटार्क्टिकातील मॅकमर्डो कोरड्या दऱ्यांकडे जावे लागते. तेथील उंचावरच्या युनिव्हर्सिटी व्हॅलीसारख्या भागात उन्हाळ्यातही जमीन फारशी वितळत नाही, पाऊस पडत नाही, आणि जो काही हिमवर्षाव होतो तोही बहुतांशी वाफ होऊन जातो. तिथे खणले की आधी पूर्ण कोरडी, भुसभुशीत, पण शून्याखालची माती लागते. काही ठिकाणी जेमतेम काही सेंटिमीटर, तर काही ठिकाणी अर्ध्या मीटरहून अधिक. आणि तिच्याखाली एकदम कुदळ अडवणारी बर्फाने बांधलेली जमीन. वरच्या थरात आणि खालच्या बर्फात देवाणघेवाण होते ती पाण्याची नव्हे, बाष्पाची. पृथ्वीवर मंगळाशी सर्वांत जवळचे नाते सांगणारी जमीन हीच आहे. तिथल्या भेगांतही बर्फाऐवजी वाळू घरंगळत जाऊन वाळूच्या पाचरी तयार होतात, किंवा भेगांच्या कडेने बर्फाचे संप्लवन जास्त होऊन तिथे चर पडतात. म्हणजे जाळी तीच, पण ती पडायला एक थेंबही वितळावा लागत नाही. मंगळावरील जाळीचा उलगडा अलास्काने नव्हे, तर या दऱ्यांनी केला.

याच भागातील बीकन व्हॅलीत दगडमातीच्या पातळ थराखाली हिमनदीचा जुना बर्फ आहे. वरच्या थरात सापडलेल्या ज्वालामुखीच्या राखेवरून तो ऐंशी लाख वर्षांहून जुना असावा, असे १९९५ साली मांडण्यात आले. त्यावर आक्षेप निघाला तो असा की, संप्लवनाच्या वेगाचे गणित केले तर एवढ्या काळात तो बर्फ कधीच संपून जायला हवा होता. हा वाद केवळ एका दरीपुरता नाही. मातीचे झाकण बर्फाला किती काळ वाचवू शकते, हाच त्यातला प्रश्न आहे आणि मंगळावरील बर्फाचे वय ठरवताना तोच पुन्हा उभा राहतो.

मंगळावरील पुराव्याला खरी सुरुवात २००२ साली झाली. मार्स ओडिसी या यानाने न्यूट्रॉन मोजले. वैश्विक किरण जमिनीवर आदळले की तिच्यातून न्यूट्रॉन उडतात. वाटेत हायड्रोजन भेटला तर ते झपाट्याने मंदावतात. शेतजमिनीतील ओल मोजण्यासाठी पृथ्वीवर हेच तत्त्व कितीतरी वर्षे वापरात आहे. दोन्ही गोलार्धांत साधारण साठ अंशांच्या पलीकडे, वरच्या एक मीटरच्या आत, हायड्रोजनचे म्हणजेच पाण्याच्या बर्फाचे प्रमाण खूप मोठे असल्याचे दिसले. छत्तीस वर्षांपूर्वीच्या त्या गणिताशी हे चांगलेच जुळणारे होते.

मग २५ मे २००८ रोजी फिनिक्स यान ६८ अंश उत्तर अक्षांशावर, मुद्दाम अशाच जाळीदार मैदानात उतरले. त्याच्या यांत्रिक हाताने खणायला सुरुवात करताच सरासरी पाचेक सेंटिमीटर खोलीवर टणक थर लागला. एका चरात फाशांएवढे काही पांढरे खडे दिसले आणि चार दिवसांनी घेतलेल्या छायाचित्रात ते नाहीसे झाले होते. मीठ असते तर जागेवर राहिले असते. जे न वितळता उडून गेले तो बर्फच. पुढे जुलैअखेरीस यानावरील भट्टीत माती तापवून पाण्याची खात्री करून घेतली गेली. याआधी १९७६ मध्ये व्हायकिंग-२ हे यान ४८ अंशांवर उतरले होते आणि त्यानेही माती उकरली होती. ते आणखी दहाएक सेंटिमीटर खोल गेले असते तर कदाचित तेव्हाच बर्फ लागला असता, असा अंदाज नंतर शास्त्रज्ञांनी वर्तवला.

फिनिक्सने एक कोडेही समोर ठेवले. त्याच्या एका चरातला बर्फ मातीच्या पोकळ्यांत भरलेला होता; पण दुसऱ्यातला जवळजवळ शुद्ध होता, माती नावालाच. बाष्प मातीत शिरून गोठले तर ते फार तर पोकळ्या भरेल, मातीला बाजूला सारून शुद्ध बर्फाचा थर कसा बनवेल? एक शक्यता टेबरच्या प्रयोगातून मिळते: कणांभोवतीचे न गोठलेले पातळ पापुद्रे मंगळाच्या थंडीतही थोडे थोडे पाणी वाहून नेत असतील आणि बर्फाचे थर अतिशय सावकाश वाढत असतील. फिनिक्सलाच तिथल्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार सापडले, जे पाण्याचा गोठणबिंदू कितीतरी खाली आणतात. क्षार काय करू शकतात याचे पृथ्वीवरील उदाहरण त्याच कोरड्या दऱ्यांमध्ये आहे: डॉन ह्वान नावाचे एक उथळ तळे कॅल्शियम क्लोराइडने इतके भरलेले आहे की अंटार्क्टिकाच्या कडक हिवाळ्यातही ते सहसा गोठत नाही.

दुसरी शक्यता मला अधिक वजनदार वाटते, कारण ती फार मोठ्या साठ्यांनाही लागू पडते. हा बर्फ मुळात हिमवर्षावाने साठला आणि मागाहून मातीखाली गाडला गेला, असे ती सांगते. पृथ्वीच्या आसाचा कल चंद्रामुळे स्थिर राहतो, सुमारे २२ ते २४.५ अंशांच्या दरम्यान. मंगळाला असा मोठा सांभाळणारा चंद्र नाही. त्याचा कल आज सुमारे २५ अंश असला, तरी गेल्या काही दशलक्ष वर्षांत तो साधारण १५ ते ३५ अंशांमध्ये झुलला आहे. कल वाढला की ध्रुवांवर ऊन जास्त पडते, तिथला बर्फ उडतो आणि मध्यम अक्षांशांवर हिम म्हणून उतरतो. कल कमी झाला की तो परतू लागतो, पण जाता जाता त्यातली धूळ मागे राहते, तिचेच झाकण होते आणि उरलेला बर्फ वाचतो. हिमनदीवर दगडगोटे साचून खालचा बर्फ टिकल्याची उदाहरणे पृथ्वीवर पुष्कळ आहेत. मंगळावर डोंगरांच्या पायथ्याशी पसरलेले, जिभेसारखे पुढे आलेले ढिगारे असेच असावेत असा संशय होता. २००८ साली मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरील रडारने त्यांच्या आरपार पाहिले, तेव्हा दगडांच्या पातळ थराखाली शेकडो मीटर जाडीचा बर्फ असल्याचे दिसून आले.

रडारच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी लागते. रेडिओ लहरी बर्फातून ज्या वेगाने जातात, जवळपास त्याच वेगाने त्या अतिशय सच्छिद्र कोरड्या मातीतूनही जाऊ शकतात. त्यामुळे केवळ रडारच्या प्रतिध्वनीवरून बर्फाचा निर्णय देणे धोक्याचे ठरते. म्हणून उघडे पडलेले बर्फाचे कडे महत्त्वाचे. २०१८ साली मंगळावर ५५ अंशांच्या पुढे अशा आठ कड्यांची माहिती प्रसिद्ध झाली; त्यांत बर्फ जमिनीखाली मीटर-दोन मीटरपासून सुरू होऊन शंभर मीटरहून खोल जातो. आणि २४ डिसेंबर २०२१ रोजी एक उल्का मंगळावर आदळली, तिचा धक्का मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाच्या भूकंपमापकाने टिपला. वरून पाहिल्यावर सुमारे दीडशे मीटर रुंदीचे विवर आणि त्याभोवती उधळलेले बर्फाचे मोठमोठे तुकडे दिसले. हे ठिकाण केवळ ३५ अंश उत्तरेला आहे, म्हणजे आजच्या हवामानात बर्फ स्थिर राहू शकेल अशा पट्ट्याच्या बाहेर. तो गतकाळाचा शिल्लक राहिलेला साठा असावा आणि मातीच्या झाकणाखालूनही तो हळूहळू उडून जात असावा, असा त्याचा अर्थ लावता येतो.

मातीचे झाकण ही कल्पना मंगळापुरतीच नाही. बुधावर दिवसा सुमारे ४३० अंशांपर्यंत तापमान चढते, तरीही १९९१ साली पृथ्वीवरून पाठवलेल्या रडार लहरी त्याच्या ध्रुवाकडून विलक्षण तेजाने परतल्या. बुधाचा आस जवळजवळ सरळ उभा असल्याने ध्रुवांजवळच्या काही विवरांच्या तळाशी कधीच ऊन पोहोचत नाही. मेसेंजर यानाने २०१२ साली तिथला बर्फ निश्चित केला आणि एक खास गोष्ट दाखवली: बहुतेक ठिकाणी त्या बर्फावर दहा-वीस सेंटिमीटर जाडीचा काळसर थर आहे. हवा नाही, पाणी नाही, तरी झाकण आहेच. चंद्रावरील सावलीतल्या विवरांतही बर्फ आहे, पण त्याची गोष्ट गोठलेल्या जमिनीपेक्षा गोठलेल्या सावलीची अधिक आहे.

पृथ्वीवरील आकार दूरवर ओळखू येणे आणि त्यांचे कारण तेच असणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. कॅनडात टुक्टोयाक्टुकच्या आसपास सुमारे १,३५० पिंगो आहेत. पिंगो म्हणजे पोटात बर्फ असलेली टेकडी. एखादे तळे आटले की त्याखालची ओली माती बाजूंनी गोठत येते, मधल्या पाण्यावर दाब वाढतो आणि ते वर सरकून जमीन उचलते. त्यांतला इब्युक हा सुमारे ४९ मीटर उंच आहे. सेरेसवरील ऑकेटर विवरात अशाच लहान टेकड्या आढळल्या आणि आघाताच्या उष्णतेने वितळलेला बर्फमिश्रित चिखल पुन्हा गोठताना त्या उभ्या राहिल्या असाव्यात, असे २०२० साली मांडले गेले. इथे आकारही जुळतो आणि कारणही पटते.

प्लूटोवर तसे होत नाही. न्यू होरायझन्स यान १४ जुलै २०१५ रोजी त्याच्याजवळून गेले, तेव्हा स्पुटनिक मैदानावर बहुभुजांची जाळी दिसली, आर्क्टिकची आठवण करून देणारी. पण तिथला एकेक तुकडा दहा ते चाळीस किलोमीटर रुंद आहे. आखडून पडणाऱ्या भेगांमधले अंतर भेगेच्या खोलीशी बांधलेले असते. काही मीटरांच्या भेगा काही दहा मीटरांचे तुकडे पाडतात, कित्येक किलोमीटरांचे नव्हे. शिवाय तिथला बर्फ पाण्याचा नसून मुख्यतः नायट्रोजनचा आहे, जो उणे २३० अंशांच्या आसपासही मऊ असतो. खालच्या किंचित उबेने तो प्रत्येक तुकड्याच्या मध्यभागी वर येतो आणि कडांशी खाली बुडतो. हे अभिसरण इतके सतत चालू असते की त्या मैदानावर उल्काघाताचे एकही विवर टिकलेले नाही.